अस्सल प्रकाश

माझ्या बायकोने आयुष्यात माझा एकही धड फोटो काढलेला नाही. जे आहेत त्यांत मी जांभई देतोय, नाहीतर डोक्यावरचा चष्मा घरभर शोधतोय, नाहीतर भाजीवालीशी हुज्जत घालताना माझं तोंड एका बाजूला गेलेलं आहे. तक्रार केली की महानंदा म्हणायची, "तुम्ही कॅमेऱ्याकडं बघून उभारलात की बिराजदार सर होता. सरांचा फोटो मला कशाला पाहिजे? सरांना बघून बघून कॉलेजातली पोरंबी कंटाळलीत."

मी सोलापुरात कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो. महानंदाचा साखर पेठेत लहानसा स्टुडिओ होता. पोटासाठी ती तिथे पासपोर्टचे आणि साखरपुड्याचे फोटो काढायची. दर मंगळवारी मात्र जुना फिल्मचा कॅमेरा गळ्यात अडकवून बाजारात जायची ती स्वतःसाठी. तिथले सगळे फोटो कृष्णधवल आणि सगळे नकळत टिपलेले. मी एकदा म्हटलं, अगं, बाजारात टोमॅटो आहेत, मिरच्या आहेत, लुगडी आहेत, आणि तू सगळ्याला राख फासतेस? ती म्हणाली, "रंग असला की डोळा आधी लुगड्याकडं पळतोय. मला त्या बाईचं तोंड पाहिजे. पिशवी जड झाल्यावर, कोण बघत नाही असं वाटल्यावर तोंडावर जे येतंय ना, तेवढंच पाहिजे."

अंबादास मडूर तिचा लाडका. बाजाराच्या तोंडाशी पाटणेंच्या वजनकाट्यांच्या दुकानाबाहेर, ओट्याला टेकून तो कुकर आणि शेगड्या दुरुस्त करायचा. दातांत स्क्रू धरलेले, कपाळाला काळा हात लागलेला. कामात इतका बुडालेला असायचा की महानंदा हातभर अंतरावरून फोटो काढायची तरी त्याला पत्ता नसायचा. वर्षानुवर्षं ती त्याचे फोटो काढत आली आणि त्यातल्या एकातही तो तिच्याकडे बघत नाही. तिला त्याचं कोण कौतुक!

आता त्या कायद्याचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कुणीही घरबसल्या कुणाचाही, कसलाही फोटो किंवा व्हिडिओ बनवायला लागलं, तेव्हा न्यायालयांनी हात टेकले. फोनवरचं कुठलंच चित्र पुराव्यात धरायचं नाही असं ठरलं. मग कुणाला तरी अडगळीत पडलेली फिल्म आठवली. फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षाराचे कण विखुरलेले असतात, शिऱ्यात रवा असतो तसे. प्रकाश पडला की त्या कणांत डोळ्यांना न दिसणारा बदल होतो. फिल्म रसायनात बुडवली की तेवढ्याच कणांची काळी चांदी होते आणि चित्र उमटतं. कुठला कण थरात किती खोल बसलाय हा निव्वळ योगायोग असतो, त्यामुळे दोन फिल्म कधी सारख्या नसतात. बनावट चित्र पडद्यावर लावून त्याचा फिल्मवर फोटो काढला, तर पडद्याच्या ठिपक्यांची जाळी त्या कणांत माग सोडून जाते. तो माग शोधणारं यंत्र निघालं. त्याचं नाव कणदर्शी. निगेटिव्ह खरी असली की अहवालावर शिक्का यायचा, 'प्रकाश अस्सल'. एकाच फिल्मवर दोनदा प्रकाश पाडण्याची जुनी युक्तीही आमचं यंत्र ओळखतं, असं ते बनवणारे छातीठोकपणे सांगायचे.

पाठोपाठ कायदा आला. फिल्मचा कॅमेरा बाळगणाऱ्याने नाव नोंदवायचं, निगेटिव्ह जपायच्या, मागितल्या की हजर करायच्या. प्रकाशाशी छेडछाड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद.

महानंदाचा धंदा रातोरात वधारला. घराचा ताबा, मृत्युपत्रावरची सही, वाटणीची बैठक, जिथे तिथे तिला बोलावणं. पण बाजारातला जीव गेला. पूर्वी तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे, आता तिच्या गळ्यातला कॅमेरा दिसला की माणसं पदर सारखा करत, पाठ फिरवत, उधारीवर भांडणारी दोघं एकदम हसून बोलायला लागत. मंगळवारी ती रिकाम्या चेहऱ्याने घरी यायची. "सगळे साक्षीला उभारल्यासारखे वागायलेत ओ," म्हणायची. एक अंबादास तेवढा पूर्वीसारखाच होता.

अशाच एका मंगळवारी संध्याकाळी बाजारामागच्या बोळात पाटणे डोक्यात लोखंडाचा घाव बसून पडलेले सापडले आणि दवाखान्यात नेता नेता गेले. दुसऱ्या दिवशी पोलीस आमच्या दारात. त्या दिवशी बाजारात नोंदणीचा फिल्म कॅमेरा एकच होता, महानंदाचा.

पंचांसमक्ष तिने रोल धुतला. मीही तिथे होतो. ओली पट्टी दिव्यासमोर धरून तिने पहिली फ्रेम बघितली आणि तिचा चेहरा उजळला. "अगंबाई, अंबादास! काय सुंदर आलाय बघा!" ती म्हणाली. निरीक्षक पुढे झाले आणि त्यांनीही बघितलं.

फोटो खरोखर सुंदर होता. वर पाटणेंच्या दुकानाची नवी पाटी, त्याच दिवशी सकाळी लावलेली. कडेने जाणारी एक बाई आणि एक हमाल. खाली भर उन्हात काळंकुट्ट दिसणारं दुकानाचं दार. आणि त्या काळोखात अंबादास, ओठ घट्ट मिटलेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, हातात लोखंडी पाना.

पाटणे त्याला ओट्यावरून हुसकावत होते आणि दोघांची महिनाभर बोलाचाली चालू होती, हे बाजारात सगळ्यांना माहीत. निगेटिव्ह कणदर्शीकडे गेली. 'प्रकाश अस्सल.' त्याच दिवशी अंबादासला उचललं.

त्याची मुलगी पद्मा तान्ह्या बाळाला घेऊन आमच्याकडे आली. रडत नव्हती, चिडली होती. "बाई, नाना त्या दिवशी नळदुर्गला आमच्याकडं होते. हिचं बारसं होतं. अख्खी गल्ली जेवून गेली. हे बघा की!" तिने फोन पुढे केला. फोटोच फोटो. पाळण्याशेजारी अंबादास, बाळ मांडीवर घेतलेला अंबादास, व्याह्यांबरोबर अंबादास. "पोलीस म्हणत्यात, फोनवरचं काय दाखवतीस, असलं तर पाच वर्षांचं पोरगंबी बनवतंय. माणसांची साक्ष घ्या म्हटलं तर म्हणत्यात, सगळे तुमचेच. नाना म्हणालेत, फोटोत मीच हाय, खोटं कशाला बोलू? पण मी तिथं नव्हतो."

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"ते मला काय माहीत? तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगा," ती म्हणाली आणि बाळाला खांद्यावर टाकून निघून गेली.

महानंदा भिंग घेऊन प्रिंटवर वाकली ती तासभर उठलीच नाही. मग हाक मारली. "अहो, इकडं या. ही बाई बघा, हा हमाल बघा. नाकाची सावली कुठल्या बाजूला?"

"उजवीकडे."

"आणि अंबादासची?"

डावीकडे होती. तिने भिंग खाली ठेवलं आणि मग तिला सगळं आठवलं. ते फक्त तिच्यासारख्या माणसाच्याच हातून होऊ शकत होतं.

फिल्म महाग झालेली. आभाळ आलं की फोटोवाली मंडळी कॅमेऱ्यातला रोल अर्धवटच गुंडाळून काढतात आणि कमी उजेडात चालणारा दुसरा घालतात. काढलेल्या रोलची शेपटी, म्हणजे फिल्मचं मोकळं टोक, बाहेर ठेवतात आणि तिच्यावर पेनाने लिहितात, किती फोटो झाले. पुन्हा तो रोल घालताना लेन्सवर झाकण लावून तेवढ्या फ्रेम पुढे सरकवायच्या. खुनाच्या आदल्या मंगळवारी तिने नव्या रोलवर एकच फोटो काढला होता, अंबादासचा. पलीकडच्या गोदामाच्या उघड्या शटरसमोर उभा राहून तो हॉटेलातल्या मोठ्या कुकरचा नट पान्याने पिळत होता. कुकर फ्रेमच्या खाली कापला गेला. तेवढ्यात आभाळ आलं. तिने रोल काढला आणि शेपटीवर एकचा आकडा लिहायचा राहिला. आठवड्याने तोच रोल कोरा समजून तिने घातला आणि पहिला फोटो काढला तो पाटणेंच्या नव्या पाटीखालच्या वर्दळीचा. तिचं काम इतकं टापटिपीचं की शेपटी दर वेळी कॅमेऱ्यातल्या त्याच खाचेपर्यंत ओढणार, त्यामुळे दुसरं चित्र पहिल्यावर तंतोतंत बसलं.

पुढचं मला लगेच समजलं. फिल्मच्या दृष्टीने काळं म्हणजे काहीच न पडणं. अंबादासच्या मागे गोदामाचा काळोख होता, तिथे पाटी आणि ओटा उमटला. दुकानाच्या दारात काळोख होता, तिथे आधीचा अंबादास तसाच राहिला. दोन प्रकाश एकाच जागी पडले असते तर यंत्राने ओळखले असते. इथे एकावर एक काही पडलंच नव्हतं. दोन्ही प्रकाश अस्सल होते, फक्त वेगवेगळ्या आठवड्यांतले, आणि चांदीला वार कळत नाही.

"मी उद्या जाऊन सांगते," ती म्हणाली.

मी नको म्हटलं. त्याची आजही लाज वाटते, पण म्हटलं. अंबादासच्या वकील रुबिना शेख मॅडमना फोन केला, तर त्यांनीही धोका सांगितला. चुकून झालं म्हणाल तर ओळखीच्या माणसाला वाचवताय म्हणतील. मुद्दाम झालं म्हणाल तर तीन वर्षं. मी महानंदाला म्हटलं, तू काही केलेलं नाहीस, जे ठरवलं ते यंत्राने ठरवलं. मला भीती वाटत होती. या वयात घरात एकटं बसून तिची वाट बघणं मला जमणार नव्हतं आणि मी तिला तसं स्पष्ट सांगितलं.

"यंत्राला घास मी भरवलाय की ओ," ती म्हणाली. "आणि वर 'काय सुंदर' म्हणून ओरडले. ते कोण ओरडलं, यंत्र?"

तिने साक्ष दिली. सावल्या दाखवल्या. सरकारी वकील म्हणाले, समोर स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे, त्यावरून ऊन परतलं असेल. शेपटीवर आकडा लिहायचा राहिला हे ऐकून मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीश कुंभोजकर सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुमचा आरोपीवर लोभ आहे, हे तुम्हीच सांगितलंत. यंत्राची कुणाशी ओळखपाळख नाही. दोनदा पडलेला प्रकाश ते ओळखतं असं त्याच्या प्रमाणपत्रात लिहिलंय. मी कुणावर विश्वास ठेवू?"

अंबादास पिंजऱ्यात उभा होता. तो महानंदाकडे एकटक बघत होता. तिने नजर खाली घातली.

त्यानंतर तिच्या निगेटिव्हवर ज्यांच्या वाटण्या आणि ताबे उभे होते ती माणसं येऊन दटावून गेली. तुमचे फोटो चुकतात म्हणालात तर आमच्या कागदांचं काय, म्हणाली. खरं बोलून झालं होतं, त्याचा उपयोग झाला नव्हता. गप्प बसलो तर निकाल ठरलेला होता. तिसरी वाट मला दिसत नव्हती आणि खरं सांगायचं तर मी शोधतही नव्हतो.

मंगळवारी सकाळी तिने कॅमेऱ्यात नवा रोल घातला. "कोर्टात चला," म्हणाली. त्या दिवशी तारीख नव्हती. मी चपला घातल्या.

मधल्या सुट्टीत कुंभोजकर मागच्या पडवीत एकटेच उभे राहून पेरू खात होते. तिखट-मीठ लावलेला पेरू, कुणी बघत नाही अशा समजुतीने, डोळे मिटून. काळा कोट, मागे पडवीचा काळोख. उन्हात होता तो फक्त चेहरा, गळ्यातली पांढरी पट्टी आणि पेरू धरलेला हात. महानंदाने खांबाआडून एकच फोटो काढला. लगेच रोल गुंडाळून बाहेर काढला, शेपटी तेवढी बाहेर ठेवली आणि तिच्यावर काही लिहिलं नाही.

मी तिचा हात धरला. "नंदा, हे चुकून होणार नाही आता. हा सरळ गुन्हा आहे."

"होय."

"तीन वर्षं."

"होय की. तुम्ही नका येऊ पुढं. रिक्षा करून घरी जावा."

मी रिक्षा केली, पण ती दोघांसाठी आणि बाजाराची. पाटणेंचं दुकान त्यांच्या मुलाने पुन्हा उघडलं होतं. ती ओट्यासमोर उभी राहिली, तोच रोल घालून डोळा लावला आणि हळूच म्हणाली, "चेहरा मधोमध होता, जरा वर." मला उन्हाचा कोन दिसत होता, दाराच्या चौकटीतला काळोख किती रुंद आहे तेही दिसत होतं. एवढी वर्षं पोरांना प्रकाश शिकवला, आता गप्प कसा राहणार? "दोन पावलं मागे," मी म्हटलं. "दार थोडं डावीकडे घे. नाहीतर कान चौकटीवर येईल." तिने एकदाच माझ्याकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरली. बटण दाबल्याचा आवाज आला.

घरी रोल धुतला आणि नेहमीच्या रीतीने कणदर्शीकडे नोंदवला. आठवड्याने अहवाल आला. शेख मॅडमनी तो लिफाफा बाकीच्या कागदांबरोबर न्यायालयापुढे ठेवला. आत काय आहे हे आम्ही त्यांनाही सांगितलं नव्हतं, त्यांना गोवायचं नव्हतं.

कुंभोजकरांनी आधी शिक्का वाचला. 'प्रकाश अस्सल.' मग फोटो उचलला. पाटणेंच्या पाटीखाली, त्याच दारात, ते स्वतः उभे होते. डोळे मिटलेले, हात तोंडाशी. त्यांचा हात नकळत गळ्यातल्या पट्टीकडे गेला.

"हा काय प्रकार आहे? मी या बाजारात आयुष्यात पाऊल ठेवलेलं नाही," ते म्हणाले.

महानंदा उभी राहिली. "पण फोटोत तुम्हीच हाय ना, साहेब?"

कुंभोजकरांनी फोटो शिक्क्याच्या कागदावर पालथा ठेवला.

"अंबादासबी हेच म्हणत होता," ती म्हणाली. "त्याच्या वेळी माझ्या हातून चुकलं. ह्या वेळी मी मुद्दाम केलं. आता मला काय करायचं ते करा."

अंबादास सुटला. कणदर्शीचे अहवाल देशभर थांबवले गेले, आणि कशावर विश्वास ठेवायचा हा प्रश्न पुन्हा होता तिथे येऊन पडला. पाटणेंना कुणी मारलं ते अजून कळलेलं नाही. महानंदाला कुंभोजकरांनी सोडलं नाही. कायदा मोडला हे तिने स्वतः कबूल केलं होतं. वय बघून तुरुंगाऐवजी दोन वर्षं घरात स्थानबद्ध केलं, घोट्याला पाळतीचा पट्टा बांधला, कॅमेरा आणि निगेटिव्ह जप्त केल्या, आणि जन्मभर कॅमेरा हातात न धरण्याचं बंधन घातलं. पट्टा घातलेल्या पायाने ती उंबरठ्यापर्यंत जाते आणि परत फिरते. सुरुवातीला मला तिच्याकडे बघवत नसे.

सुटल्यावर महिन्याने अंबादास आमच्याकडे आला. शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं, केस चापून बसवलेले. खुर्चीच्या कडेला ताठ बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर. चहा घेतला. पद्माची मुलगी रांगायला लागल्याचं सांगितलं. महानंदा एकदम म्हणाली, "अंबादास, आमचा कुकर वाफ सोडायलाय. बघतोस का जरा?"

मला कळलं तिला काय हवंय. कॅमेरा नसला म्हणून काय झालं, तिला त्याला काम करताना बघायचं होतं.

त्याने पिशवीतून हत्यारं काढली, झाकण मांडीवर घेतलं, मूठ सोडवायला लागला. महानंदा समोर दिवाणावर बसली. त्याचा स्क्रू खाली पडला. तो उचलला, तर पाना घसरला. त्याने झाकण खाली ठेवलं, रुमालाने हात पुसले आणि मान न उचलता म्हणाला, "बाई, राग मानू नका. तुम्ही माझ्यासाठी काय केलाव ते मला म्हाईत हाय. पण तुम्ही जरा आत जावा की. कोर्टात त्यो फोटो मला रोज दाखवायचे. आता तुम्ही बघायलाव म्हटलं की माझे हातच चालंना झालेत."

महानंदा उठली आणि आत गेली.

त्याने झाकण पुन्हा मांडीवर घेतलं. हळूहळू खांदे सैल पडले, गळ्याचं बटण त्याने एका हाताने काढलं, स्क्रू दातांत धरले, कपाळाला काळा हात लागला. मी समोरच बसून बघत होतो, त्याला त्याचं काही नव्हतं. स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं. आत महानंदा ओट्याला टेकून भिंतीकडे तोंड करून उभी होती. कुकर दुरुस्त होईपर्यंत तिने मान वळवली नाही.